तासाला विचार कोण करतं?

पदवीच्या मोठ्या वर्गात विद्यार्थिकेंद्री अध्यापनाकडे वळू पाहणाऱ्या प्राध्यापकांसाठी

तास संपला की फळा पुसण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारून पाहा : आज या वर्गात विचार करण्याचं काम कुणी केलं? उदाहरण कुणी शोधलं? दोन संकल्पनांमधला फरक कुणी मांडला? 'पण असं झालं तर?' ही शंका कुणी काढली? बहुतेक तासांना उत्तर एकच येतं : प्राध्यापकांनी. तयारी त्यांची, मांडणी त्यांची, शंकाही त्यांनीच काढली आणि त्यांनीच सोडवली. समोरच्या ८० जणांनी ते उतरवून घेतलं. काहींनी तेवढंही केलं नाही, कारण कुणाच्या तरी वहीचा फोटो संध्याकाळी व्हॉट्सॲपवर येणारच असतो.

विद्यार्थिकेंद्री अध्यापन म्हणजे विचार करण्याचं हे काम थोडंथोडं करून विद्यार्थ्यांकडे सोपवणं. गट, कार्ड, व्हिडिओ, प्रकल्प ही सगळी त्याची साधनं आहेत. साधनं बदलली आणि विचार मात्र आपणच करत राहिलो, तर काहीच बदललं नाही असं समजावं.

दोन गैरसमज

नॅकच्या २.३.१ या मुद्द्याखाली अनुभवातून शिकणं, सहभागातून शिकणं, समस्या सोडवत शिकणं याबद्दल माहिती मागितली जाऊ लागली आणि महाविद्यालयांत 'स्टुडंट सेंट्रिक'ची फाइल उघडली गेली. तिच्यात औद्योगिक भेटीचे फोटो असतात, पोस्टर स्पर्धेचे असतात, सेमिनारचे असतात. त्यात गैर काही नाही. पण वर्षातून दोनदा होणाऱ्या उपक्रमाने रोजचा तास बदलत नाही. सेमिनारचंच पाहा. एक विद्यार्थी इंटरनेटवरून उचललेली पीपीटी वाचून दाखवतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत मोबाइल बघतात. व्याख्यान तसंच राहिलं, फक्त व्याख्याता बदलला आणि तोही कमी तयारीचा!

दुसरा गैरसमज असा की आता व्याख्यान बंद करायचं. तशी गरज नाही. चांगलं व्याख्यान ही मोठी गोष्ट आहे, फक्त त्याची वेळ चुकते. प्रश्न पडण्याआधीच आपण उत्तर देऊन मोकळे होतो. विद्यार्थी एखाद्या प्रश्नाशी पाच मिनिटं झगडले, त्यांच्यात मतभेद झाले, की त्यानंतरची दहा मिनिटं ते कान देऊन ऐकतात.

हे नुसतं मत नाही. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवर झालेल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत होते. विद्यार्थ्यांना तासाला काही ना काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. आपल्याकडचा पहिल्या वर्षाचा निकाल डोळ्यांपुढे आणला की या फरकाचं मोल कळतं.

सुरुवात एका प्रश्नापासून

सगळा अभ्यासक्रम एकदम बदलायला जाऊ नका. एक विषय, आठवड्यातला एक तास आणि त्या तासात एक प्रश्न, एवढ्यावर सुरुवात करा. प्रश्न मात्र नीट निवडायला हवा. पाठ केलेल्या व्याख्येवरून उत्तर देता येईल असा तो नसावा आणि त्याचे चुकीचे पर्यायही विचार करणाऱ्याला पटण्यासारखे असावेत.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात मागणीची लवचिकता शिकवायची आहे असं धरू. सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी हा प्रश्न लिहा :

यंदा कांद्याचं पीक सगळीकडेच चांगलं आलं. उत्पादन २० टक्क्यांनी वाढलं. शेतकऱ्यांच्या हातात पडणारे एकूण पैसे (अ) वाढतील, (ब) तेवढेच राहतील, (क) घटतील, (ड) आणखी माहितीशिवाय सांगता येणार नाही.

आता क्रम असा ठेवा. पहिलं दीड मिनिट पूर्ण शांतता. प्रत्येकाने वहीत पर्याय आणि त्याचं एका ओळीत कारण लिहायचं. मग सगळ्यांनी एकाच वेळी छातीशी बोटं धरून पर्याय दाखवायचा, अ म्हणजे एक बोट, ब म्हणजे दोन. हात वर केले तर मागचे पुढच्यांचे हात बघून ठरवतात. छातीशी धरलेली बोटं फक्त तुम्हाला दिसतात. बरोबर उत्तर सांगू नका. "शेजाऱ्याचं उत्तर वेगळं असेल तर त्याला तुमचं पटवून द्या" एवढंच म्हणा आणि तीन मिनिटं द्या. वर्गात आवाज होईल, होऊ द्या. मग पुन्हा बोटं, आणि त्यानंतर तुमचं विवेचन.

'पीक जास्त तर पैसा जास्त' या हिशेबाने पहिल्या फेरीत बरेच जण 'अ' दाखवतील. निफाड-येवल्याकडचा एखादा विद्यार्थी 'क' दाखवेल, कारण घरी लासलगावहून परतलेल्या ट्रॅक्टरवरचे चेहरे त्याने पाहिलेले असतात. त्याला बोलतं करा. मग आकडे मांडा. समजा, एरवी १०० क्विंटलला २,००० रुपयांनी २ लाख आले असते. आता १२० क्विंटल आहे, पण भाव १,२००वर उतरला, तर हातात येतात १ लाख ४४ हजार. भाव एवढा का पडला? कारण स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट कांदा खात नाही. लवचिकता म्हणजे काय, हे आता सूत्र लिहिण्याआधीच वर्गाला कळलेलं असतं. 'ड' दाखवणाऱ्यांनाही विसरू नका. कांदाचाळीत साठवता आला तर? निर्यात खुली असेल तर? डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने घातली तशी निर्यातबंदी असेल तर? त्यांच्या या शंकांतूनच पुढचा तास तयार होतो.

ही पद्धत हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एरिक मॅझुर यांनी १९९१पासून रुजवली. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवत, पण साध्या संकल्पनेवरच्या प्रश्नाला अडखळत. त्यांचा एक व्यवहार्य नियम आहे : पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर असतील तरच चर्चा घडवावी. त्याहून कमी असतील तर मुद्दा पुन्हा समजावून सांगावा, जास्त असतील तर पुढे जावं.

प्रत्येक विषयाला असे प्रश्न सापडतात. भौतिकशास्त्रात : एसटी बस आणि स्कूटी समोरासमोर आदळल्या, तर कुणी कुणावर जास्त बल लावलं? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असलेले कितीतरी जण 'बसने' म्हणतील. इतिहासात : महात्मा फुले यांनी १८८२मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनातला एक परिच्छेद वाटा आणि विचारा, ही मागणी कुणाकडे आहे, कुणाच्या वतीने आहे, आणि ती मान्य झाली तर कुणाचं काय जाईल? मराठीच्या वर्गात : एका कथेचा शेवट झाकून ठेवा आणि निवेदक कितपत विश्वासार्ह आहे हे मजकुरातल्या पुराव्यासह ठरवायला सांगा. इथे बहुपर्याय नसले तरी क्रम तोच : आधी एकट्याने, मग दोघांत, मग वर्गात.

ऐंशी जण आणि जमिनीला खिळलेले बाक

'हे सगळं वीस जणांच्या वर्गात ठीक आहे' हा आक्षेप नेहमीचा आहे. त्यासाठी दूर जायला नको. आयआयटी मुंबईत प्रथम वर्षाच्या संगणक-प्रोग्रॅमिंगच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात 'विचार करा, जोडीत बोला, वर्गात मांडा' ही पद्धत वापरून तिचं निरीक्षण केलं गेलं. २०१३मध्ये मांडलेल्या त्या अभ्यासात या कृतींच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. आयआयटीचे विद्यार्थी निवडून आलेले असतात हे खरं, पण तिथला वर्गही प्रचंड होता.

खिळलेल्या बाकांवर जोडी आपोआपच तयार असते. चौघांचा गट हवा असेल तर विषम क्रमांकाच्या बाकांवरच्यांनी मागे वळून बसायचं. पाच-सहा जणांचे गट करू नका, त्यांत दोघं काम करतात आणि बाकीचे बघतात. मुलगे एका बाजूला आणि मुली दुसऱ्या बाजूला बसत असतील, तर पहिल्या दिवशी त्याला हात न लावलेला बरा. दोन-तीन आठवड्यांनी हजेरी क्रमांकाने जोड्या लावल्या की कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. मोबाइलवरची मतदान ॲप चांगली आहेत, पण नेटवर्क आणि डेटा यांच्या भरवशावर तास टाकू नका. बोटं कधी हँग होत नाहीत!

भाषेचा प्रश्न याहून मोठा आहे. बारावीपर्यंत मराठीत शिकून इंग्रजी माध्यमाच्या बीएस्सी किंवा बीकॉमला आलेला विद्यार्थी गप्प बसतो, तेव्हा त्याला विषय येत नसतोच असं नाही. बऱ्याचदा वाक्य येत नसतं. म्हणून जोडीतली चर्चा मराठी, अहिराणी, हिंदी, ज्या भाषेत होईल त्या भाषेत होऊ द्या. वर्गापुढे मांडताना तांत्रिक शब्द इंग्रजीत, बाकीचं मराठीत, असं चालवून घ्या. पेपर इंग्रजीत लिहायचा असेल तर शेवटची दोन मिनिटं तेच उत्तर इंग्रजीत दोन वाक्यांत लिहायला द्या.

'समजलं का?' हा प्रश्न नव्हे

'समजलं का?' याला वर्ग 'हो सर' म्हणतो आणि दोन्ही बाजू सुटतात. त्याऐवजी उत्तरातून समज दिसेल असं काही विचारा : 'हे तुमच्या धाकट्या भावाला एका वाक्यात कसं सांगाल?' किंवा 'हा नियम कुठे लागू पडणार नाही?'

विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात शाळांचे विज्ञानाचे वर्ग अभ्यासले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं दिसलं. तो अवकाश तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, अधिक विद्यार्थी बोलतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. तीन सेकंद फळ्याकडे तोंड न करता उभं राहणं ऐकायला सोपं वाटतं, करून पाहिलं की कळतं.

पुढच्या बाकावरच्या ठरावीक चौघांच्या बाहेर जायचं असेल तर हजेरीपटावरून नावं घ्या. पण लिहायला किंवा शेजाऱ्याशी बोलायला वेळ दिल्यानंतरच घ्या आणि 'तुझं उत्तर काय?' ऐवजी 'तुमच्या दोघांचं काय ठरलं?' असं विचारा. चुकीच्या उत्तराचा भार मग एकट्यावर पडत नाही. चुकीचं उत्तर आलं की 'असं आणखी कुणाला वाटलं होतं?' हे विचारा. हात वर होतात आणि चूक ही त्या विद्यार्थ्याची न राहता वर्गाने सोडवायची गोष्ट होते.

सिलॅबस कधी पूर्ण होणार?

हा आक्षेप टाळता येत नाही. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे चार क्रेडिटच्या पेपरला ६०. त्यातून प्रवेशाचा घोळ, परीक्षा, निवडणूक ड्युटी आणि स्नेहसंमेलनाचे दिवस वजा करा. जे उरतं त्यात सगळं 'सांगून' होत नाही, 'करून' कसं होईल?

सेमिस्टरच्या आधी अभ्यासक्रमाची प्रत घेऊन बसा आणि प्रत्येक घटकावर तीनपैकी एक खूण करा. जे विद्यार्थी वाचून समजू शकतात ते पहिलं : व्याख्या, प्रकार, फायदे-तोटे, कायद्यातली कलमं, कालक्रम. जे सांगावंच लागतं ते दुसरं. जे सोडवल्याशिवाय, वाद घातल्याशिवाय येत नाही ते तिसरं. आपल्या तासांचा मोठा भाग पहिल्या प्रकारावर जातो, कारण ते सांगायला सोपं आणि नोट्सला सोयीचं. ते वर्गाबाहेर काढलं की तिसऱ्यासाठी वेळ निघतो.

पण 'घरून वाचून या' म्हटलं की कुणी वाचत नाही. त्यासाठी मजकूर दोन-तीन पानांचाच द्या, झेरॉक्स दुकानात ठेवा किंवा ग्रुपवर हलकी पीडीएफ पाठवा. लांब व्हिडिओ टाळा. एसटीत दीड तास जाणारा आणि संध्याकाळी दुकानात काम करणारा विद्यार्थी दोन पानं वाचू शकतो, ४० मिनिटांचा व्हिडिओ नाही. सोबत एक प्रश्न द्या आणि तासाच्या पहिल्या तीन मिनिटांत त्याचं उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे जे वाचायला दिलं ते तासाला पुन्हा सांगत बसू नका. एकदा सांगितलंत, की पुढच्या वेळी कुणीही वाचणार नाही, आणि ते शहाणपणाचंच ठरेल.

गुण जिकडे, विद्यार्थी तिकडे

वर्गात विचार करायला लावलं आणि परीक्षेत 'सविस्तर टिपा लिहा' विचारलं, तर विद्यार्थी तुमच्या तासापेक्षा बाजारातल्या गाइडवर विश्वास ठेवतील. विद्यापीठाचा पेपर तुमच्या हातात नसला तरी अंतर्गत मूल्यमापन बऱ्याच अंशी असतं. बदलाचं खरं बळ तिथे आहे.

सध्या असाइनमेंट म्हणजे एकाने केलेली, साठ जणांनी उतरवलेली, आणि आता चॅटजीपीटीने लिहून दिलेली दहा पानं. ती तपासणंही कुणाला नको असतं. त्याऐवजी तीन गोष्टी करता येतील.

पहिली, दहा पानांऐवजी एक पान, आणि प्रश्न विद्यार्थ्याच्या परिसरातला. 'किरकोळ व्यापाराचे प्रकार' याऐवजी 'तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराची उधारी कशी चालते? वहीवर की यूपीआयवर? त्यात जोखीम कुणाची?' ही माहिती दुकानात जाऊनच आणावी लागते.

दुसरी, एखाद्या चाचणीला पुस्तक उघडं ठेवू द्या. पाठांतराचा प्रश्न मग विचारताच येत नाही आणि आपल्यालाही प्रश्न नीट काढावे लागतात.

तिसरी, गुण कशाला हे आधी एका तक्त्यात सांगा : दाव्याला पुरावा दिला का, उलट बाजू पाहिली का, निष्कर्ष स्वतःचा आहे का. हा तक्ता हातात देऊन विद्यार्थ्यांना एकमेकांचा कच्चा मसुदा तपासायला लावा आणि दुरुस्तीची एक संधी द्या. तुमच्याकडे येणारे कागद सुधारलेले येतात, तपासणीचा वेळ वाचतो. शंका वाटली तर दोन मिनिटं समोर उभं करून 'हे वाक्य समजावून सांग' म्हणा. स्वतः लिहिलेलं ओळखू येतं.

'सर शिकवतच नाहीत'

ही तक्रार येणार हे धरून चला. हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत केलेल्या आणि २०१९मध्ये लुई डेलोरिये आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कृतीतून शिकलेल्या विद्यार्थ्यांना चाचणीत जास्त गुण मिळाले. पण 'आपण किती शिकलो?' याला त्यांनी दिलेलं उत्तर सुंदर व्याख्यान ऐकलेल्यांपेक्षा कमी होतं. ओघवतं व्याख्यान ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, स्वतः झगडताना अडाणी असल्यासारखं वाटतं. हे विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगा. पहिल्या चाचणीनंतर पुन्हा सांगा, तेव्हा त्यांच्या हातात स्वतःचा पुरावा असतो.

विभागप्रमुखांनाही आधी कल्पना द्या, नाहीतर वर्गातला आवाज ऐकून कुणीतरी दारातून डोकावेल. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्यांची अडचण वेगळी आहे. दोन-तीन महाविद्यालयांत तास, तयारीला वेळ नाही, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर पुढच्या वर्षीची नेमणूक अवलंबून. त्यांनी एका विषयाच्या एका घटकापुरतंच करावं आणि चांगले प्रश्न विभागात एका फाइलमध्ये साठवावेत. पाच जणांनी सेमिस्टरला प्रत्येकी सहा प्रश्न लिहिले तरी तीस प्रश्नांची पेढी तयार होते. ती पुढच्या वर्षी येणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडते.

एका सेमिस्टरचा आराखडा

पहिले दोन आठवडे : फक्त तासाच्या शेवटची दोन मिनिटं बदला. 'आज काय कळलं, काय अजून धूसर आहे' हे निनावी चिठ्ठीवर घ्या. ८० चिठ्ठ्या वाचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात; घाईत वीस वाचल्या तरी चालेल. पुढच्या तासाची सुरुवात त्यातल्या सर्वाधिक आलेल्या शंकेने करा. आपण लिहिलेलं वाचलं जातं हे दिसलं की वर्ग बदलू लागतो.

तिसरा ते सहावा आठवडा : आठवड्याला एक संकल्पना-प्रश्न, वर सांगितलेल्या क्रमाने.

सातवा आठवडा : तीन प्रश्नांचा निनावी अभिप्राय. काय चालू ठेवू, काय थांबवू, काय सुरू करू? उत्तरं वर्गाला वाचून दाखवा आणि त्यातली निदान एक सूचना अमलात आणा. एखादी मान्य नसेल तर कारण सांगा.

आठव्यापासून पुढे : एक घटक पूर्ण या पद्धतीने घ्या. आधी वाचन, मग चिठ्ठी, मग प्रश्न आणि चर्चा, शेवटी विवेचन. अंतर्गत मूल्यमापनातली एक असाइनमेंट नव्या प्रकारची ठेवा.

हे जमतंय की नाही, ते फोटोंवरून ठरवू नका. सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात पाच संकल्पना-प्रश्न गुणांशिवाय सोडवून घ्या आणि कागद जपून ठेवा. शेवटच्या आठवड्यात तेच प्रश्न पुन्हा द्या, कारणाच्या ओळीसह. बरोबर उत्तरं किती वाढली ते मोजाच, पण कारणांच्या ओळीही वाचा. पहिल्या कागदावर 'कारण नियम असा आहे' असं असेल आणि दुसऱ्यावर 'कारण भाव पडला तरी लोक जास्त कांदा घेत नाहीत' असं काही, तर काम तुमच्याकडून त्यांच्याकडे गेलं आहे. तसं झालं नसेल, तर कोणत्या प्रश्नापाशी अडलं हे तुमच्या हातातच आहे. पुढच्या सेमिस्टरची तयारी त्या घटकापासून करा.